न छाटलेले गुलाब

कोजागिरी त्या वर्षी शनिवारी आली, म्हणून सगळ्यांना येणं जमलं. कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याची आश्विनी करायची, त्याला पाटावर बसवून ओवाळायचं, ही चाल गंगुबाईंनी कोकणातून येताना पदराला बांधून आणली होती. थोरल्या विश्रामची साठी उलटली तरी त्यांनी ती सोडली नव्हती. मागच्या वर्षी मात्र ओवाळणं झालं नाही. त्यांचे यजमान, तात्या, पितृपंधरवड्यात गेले आणि कोजागिरी दुखवट्यातच निघून गेली. आता वर्षश्राद्ध झालं होतं, दसऱ्याला दाराला तोरण लागलं होतं आणि टिटवाळ्याच्या त्या घरात वर्षाने पहिल्यांदा माणसं जमायची होती.

विश्राम सकाळपासून अंगणात होता. पाइप धरून त्याने गुलाबांची पानं धुतली, आळ्यांतलं तण उपटलं, भिंतीवर चढलेली गोगलगाय उचलून पलीकडे टाकली. तात्यांनी कुंपणाच्या भिंतीला धरून लावलेली ती गुलाबांची ओळ सगळ्या आळीला ठाऊक होती. फूल काळपट लाल, मुठीएवढं. लोक नर्सरीतून हौसेने गुलाब आणायचे आणि इथल्या चिकट मातीत, इथल्या पावसात ते एका हंगामात कुजून जायचे. तात्यांचे कुजत नसत. ते आधी रानगुलाबाचं चिवट खोड रुजवायचे आणि त्यावर लाल गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, बांधायचे. मूळ रानाचं, फूल आपलं, असं सांगायचे. आंबिवलीच्या कारखान्यातून सुटून आले की डबा पायरीवर ठेवून आधी त्या ओळीवरून एक फेरी व्हायची, मग पोरांकडे बघणं.

वर्षभरात झाडं अशी वाढली होती की भिंतीवरून पलीकडच्या नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये डोकावत होती. लांबच लांब, पोपटी, हातभर फोक. फुलं तेवढी कमी झाली होती. विश्रामला वाटायचं, झाडालाही माणूस गेलेलं कळतं. चित्राला तो तसं म्हणायचा आणि चित्रा ऐकून घ्यायची. ती निवृत्त झालेल्या नवऱ्याला ओळखून होती. ज्याने जन्मात कुंडीला तांब्याभर पाणी घातलं नाही, तो आता रोज सकाळी झाडांशी उभा राहतो, तर राहू दे, एवढंच तिच्या मनात असायचं.

पण विश्राम झाडांशी उभा राहायचा त्याला कारण होतं आणि ते घाटावर घडलं होतं.

दहाव्याला काळू नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पिंपळावर कावळे होते, ओळीने बसले होते, पण एकही खाली येईना. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन शब्द दिला. विश्राम म्हणाला, आईला अंतर देणार नाही. धाकटा रवींद्र म्हणाला, आईला ठाण्याला नेतो, माझ्या घरी फुलासारखी ठेवतो. चुलतभावांनी गावच्या घराची कौलं परतायचं कबूल केलं. कावळे हलले नाहीत. गुरुजी घड्याळाकडे बघू लागले. मागे दुसऱ्या घरची माणसं आपला पिंड घेऊन खोळंबली होती. तेव्हा विश्रामच्या तोंडून, त्यालाही न विचारता, निघून गेलं, "तात्या, तुमच्या गुलाबांना कुणी कात्री लावणार नाही. मी लावू देणार नाही."

आणि एक कावळा उतरला.

लोकांनी हात जोडले, सुटकेचा श्वास टाकला, आंघोळीला गेले. विश्राम तिथेच उभा राहिला होता. त्याला काय झालं ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. लहानपणी डोळा बांधायची छोटी सुरी तात्यांनी बहिणीच्या, देवयानीच्या, हातात दिली होती. पाणी घालायचं काम रवींद्रचं होतं. विश्राम पुढे झाला की तात्या म्हणायचे, "तुझा हात जड आहे, तू अभ्यास कर." त्याने अभ्यास केला, कल्याणच्या बँकेत लागला, घरावर मजला चढवला. तात्यांनी ते सगळं बघितलं आणि मान हलवली. बस, मान हलवली. त्याचं एखादं म्हणणं तात्यांनी मनापासून उचलून धरलं, असं साठ वर्षांत एकदाच झालं होतं, आणि ते तात्या गेल्यावर.

देवयानी डोंबिवलीहून आधी पोचली. शाळेतून निवृत्त झाली तरी तिची चाल अजून तास सुरू व्हायच्या घंटेची होती. विश्राम तिला घरातही न नेता थेट भिंतीपाशी घेऊन गेला.

"बघ," तो म्हणाला. "तात्या होते तेव्हा तरी एवढी वाढली होती का?"

देवयानीने पिशवी खाली ठेवली. ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, आणि साडीचा पदर खोचून मधल्या झाडापाशी उकिडवी बसली. बुंध्याजवळची माती तिने बोटांनी बाजूला केली.

"दादा, इकडे ये. बस खाली."

विश्रामचे गुडघे बोलले, पण तो बसला.

"ही पानं मोज. एका देठाला किती पानं आहेत?"

"सात."

"आता हे बघ." तिने मधून एक खरखरीत, काळपट, वठत आलेली फांदी ओढून धरली. तिच्यावर जेमतेम चार देठ हिरवे होते. "इथे पाच आहेत. तात्यांचा गुलाब हा. पाच पानांचा. आणि तू ज्याला न्हाऊ-माखू घालतोयस ना, तो हा सात पानांचा, तो रानगुलाब आहे. खालच्या खोडाचा. तात्यांनी डोळा बांधला त्याच्या खालून फुटलाय. दरवर्षी छाटणीच्या वेळी तात्या हे फुटवे मुळापासून काढायचे. तू वर्षभर यांना खत घातलंस."

विश्राम पोपटी फोकाकडे बघत राहिला. त्याने त्याच फोकाला आधाराची काठी बांधली होती, सुतळीने, जपून.

देवयानीने बाकीचंही दाखवलं. न कापलेल्या फांद्यांना शेंड्याकडून मर लागली होती. काळा रंग टोकापासून खाली उतरत चालला होता आणि काही झाडांत तो बांधलेल्या डोळ्यापासून वीतभरावर आला होता. तो डोळ्यापर्यंत पोचला की तात्यांचा गुलाब संपला, मग भिंतीला नुसतं काटेरी रान उरेल. मागच्या वर्षीची छाटणी चुकली होती. पाऊस सरून थंडी सुरू व्हायच्या आत ही झाली नाही तर पुढच्या उन्हाळ्यात बघायलाही काही राहणार नाही, हे तिने शाळेत सांगावं तसं, आवाज न चढवता सांगितलं. मग म्हणाली, "आज उद्या करून टाकते. कात्री कुठे आहे?"

"कात्री लावायची नाही," विश्राम म्हणाला. "मी शब्द दिलाय."

देवयानीने त्याच्याकडे पाहिलं. तिला शब्दाचं माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. पण तिला वाटलं होतं, वर्ष सरलं की ते घाटावरचं बोलणं घाटावर राहील.

"दादा, झाड मरतंय."

"कळलं मला. तरी शब्द दिलाय." एवढं बोलून तो उठला आणि पाइप गुंडाळायला लागला.

रवींद्र दुपारी आला, शीळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत. ठाण्याहून निघताना मोकळा रस्ता दिसला म्हणून तिकडून वळलो आणि अडकलो, हे त्याने हात धुताना सांगितलं, पानावर बसताना सांगितलं, आणि आमटीचा पहिला भुरका मारल्यावर पुन्हा सांगितलं. मग देवयानीने गुलाबांचा विषय काढला आणि शीळफाटा मागे पडला.

घरात सगळ्यांना वाटलं होतं, रवींद्र बहिणीची बाजू घेईल. कावळा, पिंड, तेरावा या सगळ्याला तो थोतांड म्हणायचा. दहाव्यालाही आला तो आईसाठी. पण त्याने भाताचा घास कालवता कालवता शांतपणे सांगितलं, "दादाने शब्द दिलाय. दादा म्हणेल तसं."

"तू?" देवयानी म्हणाली. "तू कधीपासून कावळ्यांचं ऐकायला लागलास?"

"मी नाही ऐकत. कावळाच माझं ऐकत नाही." रवींद्र हसला, पण ते हसू गालाच्या पुढे गेलं नाही. "सगळ्यांसमोर म्हणालो, आईला नेतो. एक पीस हललं नाही. दादाने गुलाब म्हटलं आणि कावळोबा आले उतरून. आता दादाने निभावावं. आम्ही काय, आम्ही बघे."

विश्रामला ते लागलं. भाऊ आपल्या बाजूने बोलतो आहे आणि तरी आपल्यालाच टोचतो आहे, हे त्याला कळलं. वर्षभर रवींद्र फोनवर कमी का बोलायचा, तेही कळलं. वरण वाढायला आलेली चित्रा हे ऐकत उभी होती. तिने पळी पातेल्यात ठेवली.

"घाटावर सगळे पुरुषच होते ना?" ती म्हणाली. "आम्ही बायका घरी वाट बघत बसलो होतो. एक जरी बाई तिथे असती ना, तर कुणी असला शब्द देऊच दिला नसता. गुलाबाला कात्री लावणार नाही म्हणे. उद्या म्हणाल, पोराची नखं कापणार नाही."

देवयानी खुदकन हसली. रवींद्रही हसला, या वेळी खरं. विश्राम मात्र पानावरून उठला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चित्रा माणसांत नवऱ्याविरुद्ध बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं असावं, कारण ताक द्यायला ती त्याच्या मागोमाग ओटीवर गेली आणि भांडं त्याच्या हातात देऊन तिथेच जरा उभी राहिली.

"रागावलात?"

"नाही."

"मला गुलाबांचं काही कळत नाही. पण तुम्ही रोज सकाळी तिथे उभे असता. ती मेली तर तुम्ही कुठे उभे राहाल, ते मला कळत नाही."

तो ताक प्यायला आणि भांडं त्याने तिच्या हातात परत दिलं.

दिवेलागणीला गंगुबाईंनी पाट मांडायला लावला. विधवेने ओवाळावं का, असा काहीतरी सूर शेजारच्या काकूंनी दुपारी लावून पाहिला होता. चित्राने त्यांना तिथेच सांगितलं होतं, आई आपल्या लेकाला ओवाळते आहे, त्यात शेजाऱ्यांनी पडू नये. विश्राम टोपी घालून पाटावर बसला. पिकल्या केसांचा, पोट सुटलेला, चष्म्यावर निरांजन चमकणारा थोरला मुलगा. गंगुबाईंनी तबक सावकाश फिरवलं. अक्षता टाकल्या, हातात पेढा ठेवला. मग बाकीचे चंद्र बघायला आणि दूध आटवायला गच्चीवर गेले आणि म्हातारी तिथेच, पाटासमोर, भिंतीला टेकून बसली. विश्रामलाही तिने उठू दिलं नाही.

"जेवलंस नाय धड," ती म्हणाली.

"आई, मी शब्द दिलाय," विश्राम म्हणाला. "कापली तर शब्द मोडेल. नाही कापली तर झाडं जातील. मी काय करू?"

गंगुबाई मग छाटणीच्या दिवसांबद्दल सांगू लागल्या, आणि त्यांचं बोलणं विश्राम डोळे न हलवता ऐकत राहिला. लोकांना वाटायचं, तात्यांना झाडं कापायला आवडतं. दसरा झाला की कात्रीला धार लावतात, काय ती हौस. हौस कसली, गंगुबाई म्हणाल्या. छाटणीच्या दिवशी घास घशाखाली उतरायचा नाही त्यांच्या. फुलावर आलेली फांदीही कापायला लागायची, कळ्यांसकट, आणि ते कापायचे. संध्याकाळी हात धुऊन ओटीवर बसायचे आणि विचारायचे, जास्त झाली का गं? दरवर्षी तेच. दरवर्षी त्या सांगायच्या, नाही झाली. त्यांना तरी काय कळत होतं गुलाबातलं? पण कुणीतरी नाही म्हणायला लागतं, म्हणून म्हणायच्या. पोरांना त्यातलं काही दिसू दिलं नाही त्यांनी.

"ता काम तुझ्या बापाशीक कधी आवडला नाय," गंगुबाई म्हणाल्या. "कोणीतरी करूक व्हया म्हणान केल्यानी. आता ते सुटले. पण झाडां हत. ता दुःख आता कोणीतरी घेवक व्हया. तू थोरलो."

"आणि शब्द? मोडला तर पाप लागेल मला."

"लागला तर लागांदे." म्हातारीने त्याच्या टोपीवरची अक्षत उचलली आणि तबकात टाकली. "थोरल्याक लागताच."

विश्राम पाटावरून उठला नाही. गच्चीवर कुणीतरी दूध उतू गेल्याचं ओरडलं, रवींद्र हसला, देवयानीने त्याला काहीतरी सुनावलं. विश्रामच्या मनात आलं, कावळा उतरला तेव्हा तात्यांचं जे कौतुक आपल्याला मिळालं असं वाटलं होतं, ते आपण वर्षभर एकट्याने छातीशी धरून ठेवलं. भावाला दिसू दिलं नाही, पण भावाला दिसत होतं. आणि जे धरून ठेवलं त्याच्याच खालून रान फुटत आलं होतं.

सकाळी पलीकडच्या इमारतीची सावली अंगणातून सरली तेव्हा तो कात्री घेऊन भिंतीपाशी उभा होता. देवयानी चहाचा कप हातात घेऊन बाहेर आली, आणि कप पायरीवर ठेवून त्याच्या शेजारी गेली.

"मी करते," ती म्हणाली.

"नको. शब्द मी दिला, मोडायचा तर मी मोडीन. तू नुसतं दाखव."

तिने दाखवलं. आधी रानाचे फुटवे. वर कापून भागत नाही, माती उकरून जिथून फुटलेत तिथून काढायचे. ज्याला त्याने काठी बांधली होती तो फोक त्याने पहिल्यांदा काढला. सुतळी सोडवताना त्याची बोटं चुकत होती. मग वाळलेलं, मग काळं पडलेलं, काळ्याच्या खाली पांढरा गर दिसेपर्यंत. मग जिवंत फांद्या. तिथे तो थांबला. एका फांदीवर कळी होती, लाल टोक दिसू लागलेली.

"हीसुद्धा?"

"हीसुद्धा. तो बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा दिसतोय? त्याच्या जरा वर. तिरका काप घे, पाणी साचू नये म्हणून."

विश्रामने झाडाकडे बघून, अगदी हळू, म्हटलं, "तात्या, मोडतोय." आणि कापली.

हात जड होताच. दोन-तीन ठिकाणी साल चिरली आणि एका झाडाची चांगली फांदी गेली. देवयानीने ते पाहिलं आणि ती कापांवर लावायचा मोरचुदाचा लेप कालवत राहिली. चित्रा पायरीवर येऊन बसली होती. तिने त्याचा रक्ताळलेला अंगठा पाहिला, हळदीची वाटी आणून बाजूला ठेवली, आणि त्याला हाक मारली नाही. ऊन चढलं तशी ती हिरवीगार ओळ कमी कमी होत गेली आणि भिंतीचा रंग दिसायला लागला. वर्षभर तो दिसला नव्हता. उरली होती ती गुडघ्याएवढी बोडकी खुंटं, आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी तात्यांनी बांधलेल्या डोळ्याची ती जुनी गाठ, मनगटाएवढी जाड.

रवींद्र उठून आला तो जांभया देत. अंगण बघून त्याची जांभई अर्धी राहिली. त्याने कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं आणि काटे सांभाळत फांद्या भरायला लागला. बराच वेळ भाऊ भाऊ असे पाठीला पाठ लावून काम करत होते.

टोकाचं एक झाड राहिलं होतं. विश्राम तिथे पोचला, कात्री उघडली, आणि मग मिटून मागे वळला.

"रवी. हे तू कर."

रवींद्रने गोणपाट सोडलं. "मी कशाला? शब्द तुझा."

"शब्द माझा. तात्या दोघांचे."

"म्हणजे पापात अर्धा वाटा मला."

"घेशील का?"

रवींद्रने कात्रीकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर आलेला विनोद त्याने गिळलेला विश्रामला दिसला. त्याने धोतरासारखी वर खोचलेली लुंगी सारखी केली, हात पुसले आणि कात्री घेतली. झाडापाशी वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"कुठे कापू, दादा? मला काही कळत नाही यातलं. मी नुसतं पाणी घालायचो."

देवयानीने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. विश्राम भावाच्या शेजारी खाली बसला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने फांदीवरून अंगठा फिरवला, खालून वर, जिथे सालीवर तांबूस ठिपका उठला होता तिथपर्यंत, आणि थांबला.

"हा बघ डोळा. बाहेर बघतोय. याच्या जरा वर," तो म्हणाला. "घाई नको. मी धरतो फांदी."